दुकानापुढील छपरी भिंतीला पक्की कशी बसवावी?

व्यापारी बंधूंनो, या पानावर आपण नेहमी भाव, उधारी, हुंडी, कर आणि मालाची खरेदी यांविषयी वाचता. आज आम्ही वेगळा विषय घेत आहोत. कापड विकणाऱ्या माणसाने पत्रा, बोल्ट आणि विटा यांविषयी लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्या छपरीखाली आपले ग्राहक उभे राहतात, आपला नोकर बसतो आणि आपला माल लटकतो, तिची जबाबदारी शेवटी दुकानदाराचीच असते. वेल्डर पैसे घेऊन जातो. छपरी आपल्याकडे राहते.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे छपरीला ‘सायबान’ हा शब्द होता. साया म्हणजे सावली आणि बान म्हणजे राखणारा, जसा बागबान किंवा दरबान. सावलीची राखण करणारा तो सायबान. आमच्या भद्रावतीच्या बाजारात तिला छपरी म्हणतात. नाव काहीही असो, प्रश्न एकच आहे. जी सावली राखते तिला कोणी धरून ठेवले आहे?

आमच्या दुकानाची गोष्ट

आमच्या वडिलांच्या वेळी दुकानापुढे सागाच्या बल्ल्यांवर कवेलूची छपरी होती. दिसायला जुनाट, पण तीस वर्षे हलली नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागत, माकडे ते फोडत, आणि दुकानात अंधार राही. म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही ती काढली आणि दहा फूट रुंद, वीस फूट लांब अशी पत्र्याची छपरी बसवून घेतली. वेल्डरने भिंतीत भोके पाडली, लाकडी गुट्ट्या ठोकल्या, त्यांत स्क्रू पिळून लोखंडी अँगल बसवला आणि पुढे तीन पाइप जमिनीत फूटभर गाडले. एका दिवसात काम झाले. दुकान उजळले. आम्ही त्याला ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले.

त्या छपरीखाली आमचे मास्टर शिलाई मशीन घेऊन बसत. कापडाच्या दुकानापुढे शिंपी बसला की दोघांचाही धंदा चालतो, हे आपण जाणताच. तिसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी ते म्हणाले, “सेठ, भिंतीतून भुकटी पडून राहिली. मशीनवर येते.” आम्ही वर पाहिले. अँगलच्या मागे प्लास्टरला बारीक भेग होती. लग्नसराईची गर्दी होती. आम्ही म्हणालो, “मास्टर, मशीन दोन हात बाजूला घ्या.” त्यांनी घेतली.

आठ दिवसांनी संध्याकाळी वादळ आले. मे महिन्यात आपल्याकडे येते तसेच, आधी धूळ, मग वारा, मग चार थेंब. छपरी खाली पडली नाही. ती आधी वर उचलली गेली. भिंतीकडची बाजू गुट्ट्यांसकट निघाली, भिंतीच्या माथ्यावरचे विटांचे तीन थर घेऊन निघाली, आणि मग उलटी होऊन खाली आली. अँगल मास्टरांच्या पायावर पडला. हाड मोडले. लग्नसराईचे दोन महिने त्यांना पायडल मारता आले नाही. आम्ही दवाखान्याचा आणि घराचा खर्च दिला. पण पावसाळ्यात त्यांचा पाय आजही दुखतो, आणि आम्हाला ‘मशीन दोन हात बाजूला घ्या’ हे आमचेच शब्द आठवतात.

त्यानंतर बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांकडे आम्ही गेलो. ते आमचे जुने ग्राहक. त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन जे समजावले, ते व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या भाषेत येथे मांडत आहोत.

पहिला धडा : हलके छप्पर पडत नाही, उडते

आमच्या गावाच्या डोलारा तलावातील जुना दगडी पूल आपण पाहिला असेल. दोन ओळींत दगडी खांब आणि त्यांवर आडवे टाकलेले लांब, जाड दगड. ते आपल्या वजनानेच जागेवर बसलेले आहेत. कवेलूची छपरीही तशीच असते. तिचे ओझे मोठे, म्हणून तिला खालून आधार दिला की काम भागते. वारा तिला सहज उचलू शकत नाही. फार तर काही कवेलू सरकतात.

पत्र्याचे गणित उलटे आहे. दहा बाय वीस म्हणजे दोनशे चौरस फूट, अर्थात सुमारे साडेअठरा चौरस मीटर छपरीचे पत्रे आणि पाइप मिळून वजन साधारण दोनशे किलो. आता वाऱ्याचा जोर पाहा. अभियंत्यांचे सूत्र सोपे आहे. वाऱ्याचा वेग मीटर दर सेकंदात घ्यावा, त्याला त्यानेच गुणावे आणि मग ०.६ ने गुणावे. म्हणजे दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. त्याला ९.८ ने भागले की किलो मिळतात.

ताशी १०० किलोमीटर वाऱ्याला हा दाब दर चौरस मीटरवर सुमारे ४७ किलो होतो. साडेअठरा चौरस मीटरवर तो सुमारे ८७० किलो. म्हणजे दोनशे किलोच्या छपरीला पावणेनऊशे किलो वर ढकलू पाहतात. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक आहे, क्रमांक ८७५, भाग तीन. त्यात नागपूरसाठी मूळ वेग ४४ मीटर दर सेकंद, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. त्या वेगाला हाच आकडा २,२०० किलोवर जातो. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो, हे ध्यानात ठेवावे.

हा ढोबळ हिशेब झाला. पुढून उघडी आणि मागे भिंत असलेल्या छपरीत वारा शिरतो, भिंतीला अडतो आणि खालून वर दाबतो. त्याच वेळी वरून जाणारा वारा पत्र्याला ओढतो. म्हणून जोर याहून जास्तही होऊ शकतो. पुढे ताडपत्रीचा पडदा किंवा मोठी पाटी लावली तर छपरीला शीडच मिळाले समजा.

तात्पर्य, जड छपरीला प्रश्न विचारावा, तुला खालून कोणी पेलले आहे? हलक्या छपरीला विचारावे, तुला खाली कोणी बांधून ठेवले आहे? आम्ही छप्पर बदलले, पण प्रश्न बदलला आहे हे आम्हाला कळले नाही. चूक तेथे झाली.

दुसरा धडा : आधी भिंत ओळखा

अँगल कितीही जाड असो, तो ज्यात रुतला आहे ती वस्तू कच्ची असेल तर उपयोग नाही. म्हणून मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी भिंत तपासावी. कोपऱ्यात थोडे प्लास्टर काढून पाहावे.

मातीची, कुडाची किंवा मातीच्या जोडणीतील विटांची भिंत असेल तर तिला छपरी मुळीच जोडू नये. चार किंवा सहा खांबांवर स्वतंत्र उभी करावी आणि भिंतीपासून दोन बोटे अंतर ठेवावे. वर पत्र्याची पट्टी लावली की पाणी आत येत नाही.

साडेचार इंची, म्हणजे अर्ध्या विटेची भिंत असेल तरीही हाच नियम. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर आतल्या पोकळीत फिरत राहतो आणि पकड घेत नाही.

नऊ इंची, सिमेंटच्या जोडणीची पक्की भिंत असेल तर जोडता येते, पण पुढे सांगितलेल्या रीतीने.

सर्वांत उत्तम जागा म्हणजे काँक्रीटचा लिंटेल, बीम किंवा कॉलम. घर बांधताना तो कोठे आहे हे मालकाला किंवा गवंड्याला ठाऊक असते. छज्ज्याच्या कडेला किंवा गच्चीच्या कठड्याला छपरी कधीही बांधू नये. ते भाग असा ताण घेण्यासाठी बांधलेले नसतात.

आणखी एक गोष्ट अशी की जोडाच्या वर भिंत किती उरते ते पाहावे. नऊ इंची भिंतीचा एक फूट लांब, एक फूट उंच तुकडा सुमारे ४० किलोचा असतो. आमचा अँगल भिंतीच्या माथ्याखाली फक्त तीन थरांवर होता. वीस फूट लांबीत त्या तीन थरांचे वजन झाले सुमारे ६०० किलो. वाऱ्याचा निम्मा जोर पुढच्या खांबांवर आणि निम्मा भिंतीवर येतो. ताशी १०० किलोमीटरला भिंतीच्या वाट्याला सुमारे ४४० किलो आले असते, १५८ ला ११०० किलो. जुनी जोडणी, वर स्लॅब नाही, वरून सतत हिसके. थर उचलले गेले यात नवल नाही. तोच अँगल माथ्यापासून तीन फूट खाली असता, तर त्याच्या डोक्यावर सुमारे २,४०० किलो भिंत बसली असती.

तिसरा धडा : गुट्टी नको, आरपार बोल्ट हवा

लाकडी गुट्टी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आपल्याकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो. दोन उन्हाळे गेले की गुट्टी भोकात सैल होते. वारा पत्र्याला हलवतो, पत्रा अँगलला, अँगल स्क्रूला, आणि स्क्रू गुट्टीला. भोकातून भुकटी पडू लागते. ती भुकटी म्हणजे भिंतीने पाठवलेली नोटीस आहे. तिची मुदत फार नसते.

पसरणारा लोखंडी फास्टनर काँक्रीटमध्ये उत्तम काम करतो. परंतु विटेत तो पसरताना विटेलाच फोडतो. विशेषतः जुन्या, कमी भाजलेल्या विटेत किंवा भिंतीच्या टोकाजवळ. म्हणून विटेच्या भिंतीत आरपार बोल्ट हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. त्याची रीत अशी :

१) १२ मिलिमीटर जाडीचा, गॅल्व्हनाइज केलेला बोल्ट किंवा आटे पाडलेली सळई घ्यावी. भिंतीची जाडी, दोन्हीकडचे प्लास्टर आणि अँगल मोजून लांबी ठरवावी.

२) दुकानाच्या आतल्या बाजूने चार इंच बाय चार इंच, सहा मिलिमीटर जाड लोखंडी प्लेट लावावी. नुसता वॉशर विटेत रुततो. प्लेट ताण पसरवते.

३) भोके दर दोन ते अडीच फुटांवर घ्यावीत, एक वर एक खाली अशी. सगळी एकाच थरात घेतली तर त्या थरात सलग भेग जाण्याची भीती असते. भिंतीच्या टोकापासून किंवा दाराच्या चौकटीपासून निदान नऊ इंच अंतर सोडावे.

४) भोक विटेच्या मध्यावर घ्यावे, सांध्यात नव्हे. ड्रिल मशीनचा ठोका बंद ठेवून नुसते फिरवून पाडावे. ठोक्याने आतल्या बाजूची वीट खपली होऊन उडते.

५) भोकातील भुकटी फुंकून साफ करावी. बोल्टच्या भोवती सिमेंटची पातळ लापशी भरावी. ती वाळल्यावरच नट पूर्ण आवळावा. शेजारी दुसरा नट लावावा म्हणजे हादऱ्याने ढिला होत नाही.

जेथे पलीकडची बाजू दुसऱ्याच्या मालकीची आहे आणि आरपार जाता येत नाही, तेथे रासायनिक अँकर वापरावा. त्यात भोकात चिकट रसायन भरून सळई बसवतात. ते विटेला फोडत नाही. मात्र भोक धूळमुक्त नसेल तर रसायन धुळीला चिकटते, भिंतीला नाही. पोकळ ब्लॉकमध्ये जाळीची नळी आधी घालावी लागते.

वीस फुटांत अडीच फुटांवर बोल्ट घेतले तर नऊ बोल्ट बसतात. ११०० किलो नवांत वाटले तर प्रत्येकाला सव्वाशेच्या आत येतात. प्रत्यक्षात सर्वांना सारखे येत नाही. कोपऱ्यातल्यांना जास्त येते. म्हणूनच हात राखून काम करावे. व्यापारात आपण सगळी रक्कम एका गिऱ्हाइकाकडे अडकवत नाही, तसेच हे.

अमेरिकेत घराला लाकडी ओसरी जोडण्याची मोठी पद्धत आहे. तेथील बांधकाम नियमांत भिंतीकडची फळी नुसत्या खिळ्यांच्या पकडीवर ठेवण्यास मनाई आहे. बोल्ट किंवा जाड स्क्रू लागतात. खिळा बाजूच्या भाराला टिकतो, पण त्याच्या लांबीच्या दिशेने ओढले की सरळ बाहेर येतो. आमच्या गुट्टीतल्या स्क्रूचे तेच झाले.

चौथा धडा : पाणी हा दुसरा चोर

२००३ साली २९ जूनला शिकागो शहरात एका इमारतीची लाकडी ओसरी माणसांच्या गर्दीने कोसळली आणि १३ जण मेले. २०१५ साली १६ जूनला कॅलिफोर्नियातील बर्कले येथे एक बाल्कनी तुटून सहा तरुण गेले. तेथे तुळया पाण्याने आतून कुजलेल्या आढळल्या. पहिल्या घटनेत ओझे जास्त होते. दुसऱ्या घटनेत जोडाच्या आत पाणी मुरत राहिले, आणि वरून सगळे ठीकठाक दिसत होते.

आपल्याकडे लाकूड कुजते तसे लोखंड गंजते. पत्रा आणि भिंत यांच्या फटीत पाणी शिरले की अँगलची मागची बाजू गंजते, जी रंगवता येत नाही आणि दिसतही नाही. म्हणून अँगल बसवण्यापूर्वीच चारही बाजूंनी रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत. वेल्डिंगच्या जागा घासून पुन्हा रंगवाव्यात.

फट बुजवण्यासाठी गवंडी सिमेंटचा गोळा भरतात. तो टिकत नाही. वीस फूट लोखंड हिवाळ्याच्या रात्रीपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत पन्नास अंशांनी तापले तर सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबते. सिमेंटला तेवढे ताणता येत नाही, ते तडकते. त्याऐवजी प्लास्टरमध्ये इंचभर खोल आडवा चर पाडावा, त्यात वाकवलेल्या पत्र्याच्या पट्टीची कड घालावी, पट्टी भिंतीवर सहा इंच आणि छपरीवर सहा इंच यावी, आणि फक्त वरचा चर सिमेंटने किंवा सिलंटने बंद करावा. पट्टी खालच्या पत्र्याला जखडू नये. ती त्याच्यावर नुसती झाकण म्हणून राहावी.

उतार दहा फुटांला दीड फूट ठेवावा. पत्र्याचे स्क्रू नालीच्या खोलात नव्हे, उंचवट्यावर मारावेत आणि प्रत्येकाखाली रबरी वॉशर असावा. कडेच्या ओळीत स्क्रू जवळजवळ घ्यावेत, कारण वारा आधी कड उचलतो.

पाचवा धडा : आपली काळी माती

आमच्या भागातील काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. भद्रावतीच्या आसपास कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. त्यांतील सुरुंगांचा हादरा काही वस्त्यांपर्यंत जाणवतो. घराचा पाया खोल असतो, छपरीच्या खांबाचा उथळ. मग पावसाळ्यात खांब वर येतो, उन्हाळ्यात खाली बसतो, घर मात्र जागेवर. दोघांना जखडून बांधले तर भांडण जोडावर येते.

याला दोन उपाय आहेत. पहिला, खांबाचा पाया खोल घ्यावा. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तीन फूट खोल असा काँक्रीटचा ठोकळा साधारण ४५० किलोचा होतो. तीन खांबांना असे तीन ठोकळे दिले तर १३५० किलो झाले, आणि पुढच्या बाजूच्या वाट्याचे ११०० किलो त्यांत भागतात. काळी माती त्याहून खोल असेल तर आणखी खाली जावे आणि तळाशी मुरूम ठोकून भरावा. पाइप ठोकळ्यात नुसता रोवू नये. खाली आडवी सळई वेल्ड करावी, म्हणजे तो उपसून येत नाही. दुसरा उपाय, वाशाचा पाइप भिंतीकडच्या अँगलला वेल्ड करू नये. लांबट भोकातून बोल्टने जोडावा. उचलू पाहिले तर बोल्ट धरतो, थोडे हलायचे असेल तर हलू देतो.

ओट्याचेही तसेच. छपरीखालचा ओटा घराच्या जोत्याला सिमेंटने एकजीव करू नये. मध्ये अर्ध्या इंचाची फट सोडून ती डांबराने भरावी. नाही तर ओटा खचताना भिंतीचे प्लास्टर ओढून नेतो.

सहावा धडा : झाड, वीज, कागद

२०२३ साली ९ एप्रिलला अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात कडुनिंबाचे जुने झाड टिनाच्या शेडवर कोसळले आणि आडोशाला जमलेल्या लोकांपैकी सात जण दगावले. २०२४ साली १३ मे रोजी मुंबईत घाटकोपरला वादळात प्रचंड मोठा जाहिरात फलक पेट्रोल पंपावर पडून १७ माणसे गेली. त्याचा पाया पुरेसा नव्हता असे तपासात आढळले. दोन्ही ठिकाणी लोक वादळापासून वाचण्यासाठी किंवा आपल्या रोजच्या कामासाठी तेथे उभे होते. म्हणून छपरीवर झुकलेल्या वाळक्या फांद्या उन्हाळ्यापूर्वी रीतसर परवानगीने छाटून घ्याव्यात. वादळ सुरू झाले की ग्राहकांना छपरीखाली थांबवू नये, पक्क्या छताखाली आत घ्यावे. माल भिजला तर भिजू द्यावा.

विजेची तार पत्र्याला किंवा अँगलला टेकू देऊ नये. ती प्लास्टिकच्या नळीतून न्यावी आणि गळतीचा प्रवाह तोडणारे यंत्र बसवावे.

कागदाकडे आपले बंधू दुर्लक्ष करतात. नालीवर किंवा रस्त्यावर छपरी काढण्यापूर्वी नगर परिषदेकडे चौकशी करून परवानगी घ्यावी. दुकान भाड्याचे असेल तर मालकाची लेखी संमती घ्यावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम करणे हे जागा खाली करवून घेण्याचे एक कारण सांगितले आहे. तोंडी ‘हो’ कोर्टात ऐकू येत नाही. विम्यात वादळाची जोखीम आहे की नाही, आणि छपरी व तिच्याखालचा माल त्यात लिहिला आहे की नाही, हे पॉलिसी उघडून पाहावे.

वेल्डरशी बोलणीही कागदावर करावीत. किती बोल्ट, किती जाडीचे, आरपार की नाही, पाया किती खोल, हे लिहावे. दहावा हिस्सा रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवण्याचे आधीच ठरवावे. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. आणि काम चालू असताना आपण स्वतः उभे राहावे. बोल्ट एकदा प्लास्टरखाली गेला की तो १२ मिलिमीटरचा होता की ८ चा, हे कोणालाच सांगता येत नाही.

शेवटची नोंद

आरपार बोल्टच्या नव्या छपरीला आमचा खर्च पहिल्या छपरीपेक्षा सुमारे दीडपट आला. पहिल्या छपरीचा खरा खर्च मात्र आम्ही मागाहून काढला. पत्रे गेले, भिंत पुन्हा बांधावी लागली, सुटिंगचे कितीतरी ताके भिजले, दवाखाना झाला, आणि मास्टरांचे दोन महिने गेले. शेवटच्या रकमेपुढे कोणता आकडा लिहावा, हे आम्हाला आजही समजलेले नाही.

नवी छपरी झाल्यावर मास्टर परत आले. बसण्यापूर्वी त्यांनी वर पाहिले, मग आत जाऊन भिंतीवरच्या लोखंडी प्लेटा एकेक करून मोजल्या. नऊ भरल्या. मग मशीन मांडली. त्यांना मोजण्याचा हक्क होता, आणि आम्ही आधीच मोजायला हवे होते.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे. मार्चअखेरीस मालाची मोजदाद करताना वहीत एक ओळ छपरीची लिहितो. नट आवळले का? गंज कोठे आहे? भुकटी पडते का? खांबाच्या बुडाशी भेग आहे का? स्टुलावर चढून पाना हातात घेतला की अर्ध्या तासाचे काम. वादळे त्यानंतर सुरू होतात.

वाचक बंधूंनी आज दुकान बंद करण्यापूर्वी एवढे करावे. छपरीखाली उभे राहून भिंतीकडच्या जोडाकडे वर पाहावे. आणि तेथे रोज बसणाऱ्या माणसाला विचारावे, “वरून काही पडते का?” तो ‘हो’ म्हणाला, तर त्याला बाजूला सरकायला सांगून थांबू नये. त्याच दिवशी त्याला आत बसवावे आणि मिस्त्रीला बोलवावे.